लहान पोरांसोबत चित्रं, रंग आणि गोष्टी: सुरुवात कुठून करायची

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल आली. नेहमीचंच, बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचं का आणि कुणाच्या पैशाने हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं चालू आहे. लेक तेव्हा चार वर्षांची होती. दुपारी पलंगावर उताणी पडून त्या डागाकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, "आई, हत्तीला सर्दी झालीये." मी बघितलं तर खरंच की, सोंड होती, आणि सोंडेच्या टोकाला रंगाचा पोपडा सुटून लोंबत होता. मग काय, रोज सकाळी हत्तीची तब्येत बघायची, डाग वाढला तसं त्याच्या पाठीवर पिल्लू आलं, मग पिल्लाला टोपी आली, आणि दिवाळीच्या आधी पेंटर आला तेव्हा ही बया भोकाड पसरून रडली.

नंतर कुठेतरी वाचलं की लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये शिकाऊ चित्रकारांना हेच सांगून ठेवलंय, डागाळलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात डोंगर दिसतील, लढाया दिसतील, चेहरे दिसतील. म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावर जे फुकटात चालू होतं त्याला पाचशे वर्षांची परंपरा आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या दोनतीन नव्या आईबाबांनी मला विचारलं की तू पोरीला घेऊन काय काय करतेस, आम्हालाही सांग. आधीच सांगते, मी आर्टिस्ट वगैरे नाही, मी अकाउंट्सवाली बाई, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला सी ग्रेड. पण त्यानेच फायदा झाला, कारण मला शिकवता येत नाही म्हणून मी गप्प बसते, आणि ह्या कामात निम्मी मेहनत गप्प बसण्याचीच आहे. खाली जे लिहिलंय ते साधारण दीड ते सात वर्षांच्या पोरांसाठी.

पहिली पायरी: सामान (फार पैसे घालवू नका)

अठ्ठेचाळीस रंगांचा डबा बघून आपल्यालाच मोह होतो, पोरांना नाही. आमच्याकडे वाढदिवसाला आलेले तीन डबे तसेच पडून आहेत. खरं लागतं काय तर:

- जाडे वॅक्स क्रेयॉन, बारा पुष्कळ झाले. लहान पोरं मुठीत धरून काढतात, बारीक पेन्सिल त्यांना पकडताच येत नाही आणि टोक तुटलं की रडारड.
- लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा एवढ्याच पोस्टर कलरच्या बाटल्या. बाकीचे रंग त्यांना स्वतः बनवू द्या, पिवळ्यात निळा पडला आणि हिरवा झाला की जो चेहरा होतो ना तो बघण्यासारखा असतो. पॅकवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं बघून घ्या.
- कागद मोठा. ऑफिसातले एका बाजूने कोरे प्रिंटआउट चालतात पण ए-फोर लहान पडतो, पोरांचा हात खांद्यापासून फिरतो. पार्सलचा खाकी कागद उलगडून जमिनीवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी चिकटवा, म्हणजे सरकत नाही.
- पाणी आणि जुना रंगाचा ब्रश. हे माझं सगळ्यात आवडतं. गॅलरीतल्या लादीवर पाण्याने चित्र काढायचं, उन्हात ते बघता बघता उडून जातं, परत काढायचं. साफसफाई शून्य! एप्रिल-मेच्या दुपारचा एक तास असाच जातो.

माती हवी असेल तर गणपतीच्या आधी शाडूची माती मिळते, तेव्हाच दोनचार किलो घेऊन ठेवा. नाहीतर घरी कणीक करा: एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर पाचसहा दिवस चालते. मीठ भरपूर असतं म्हणून पोर ती खात नाही ना ह्यावर लक्ष ठेवा. आणि तीन वर्षांच्या आतल्या पोरांसमोर मणी, टिकल्या, स्केचपेनची टोपणं असलं काही ठेवायचंच नाही, घशात अडकतं.

स्वयंपाकघरातले रंग

ह्याला वेगळी पायरी म्हणा किंवा रविवार सकाळचा टाइमपास म्हणा. बीट किसून पिळलं की गुलाबी, पालक वाटून गाळला की हिरवा, चहाचं उकळलेलं पाणी तपकिरी, हळद पाण्यात कालवली की पिवळा. आता गंमत बघा. हळदीचा डाग साबणाने धुवायला गेलं की लाल होतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये, आपण शिव्या घालत घासत बसतो. पण हेच पोरांच्या हातात द्या. कागदाला हळदीचं पाणी फासायचं, वाळू द्यायचं, मग साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर चित्र काढायचं, रेघ लालसर उमटते. मग त्याच रेघेवर लिंबू टेकवा, परत पिवळी. हळदीतला रंग साबणासोड्यासारख्या अल्कलीत लाल होतो आणि आंबटात पिवळा होतो, बस एवढंच शास्त्र आहे, पण माझ्या लेकीने त्या दिवशी पंधरा कागद संपवले आणि आजीला सांगितलं की मी जादूगार आहे, तू घाबरू नकोस. सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला घाबरू, मला चादरीची भीती आहे."

(चुन्याने हा रंग जास्त छान येतो पण पोरांच्या हातात चुना अजिबात देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.)

दुसरी पायरी: गिचमीड म्हणजे काय ते समजून घ्या

नव्या आईबाबांची इथेच चूक होते, माझीही झाली. दीडेक वर्षाचं पोर कागदावर नुसतं गिरगिटतं, आणि आपण लगेच त्याचा हात धरून "चल, सफरचंद काढूया" करतो. गिरगिटू द्या हो. रोडा केलॉग नावाच्या एका अमेरिकन बाईंनी जगभरातली लहान मुलांची लाखो चित्रं जमवली, आणि त्यांनी त्या गिचमिडीचे मूळ 20 प्रकार वेगळे काढले, उभ्या रेघा, आडव्या, नागमोडी, गोल गोल वगैरे. ठिकठिकाणची पोरं सुरुवातीला जवळपास तेच काढतात. म्हणजे ती वेळ वाया जात नसते, बाराखडी चालू असते.

पुढे तीनच्या आसपास रेघ फिरून स्वतःला मिळते आणि बंद गोल तयार होतो. हा दिवस आला की पेढे वाटले तरी चालतील. मग त्या गोलाला डोळे येतात आणि डोक्यातूनच थेट हातपाय फुटतात, पोट नाही, मान नाही. बहुतेक पोरं असाच माणूस काढतात, तुमच्या पोरात काही कमी नाहीये. पाच-सहाच्या पुढे कागदाच्या खाली जमिनीची रेघ येते, वर निळ्या आकाशाची पट्टी येते आणि मधे सगळं रिकामं. घराची भिंत काढलेली असते तरी आतला पंखा, टीव्ही, पलंगावरचे आजोबा सगळं दिसत असतं. चुकलेलं नाहीये ते, त्याला जे माहितीये ते तो काढतोय, जे दिसतं ते काढायचं वय नंतर येतं. ही वयं मागेपुढे होतात, शेजारच्या पोराशी तुलना नको.

तिसरी पायरी: तोंड कधी उघडायचं

"काय काढलंयस हे?" हा प्रश्न बंद. बऱ्याचदा काढताना त्यालाही माहीत नसतं, तुम्ही विचारलंत म्हणून तो काहीतरी ठोकून देतो. आणि "अरे वा, किती सुंदर!" हे दर पाच मिनिटांनी म्हणणंही बंद करा, पोरं हुशार असतात, मग ती चित्र तुमच्या वाहव्वासाठी काढायला लागतात. त्यापेक्षा दिसतंय ते बोला, "इकडे तू खूप दाबून रंगवलंयस", "हा निळा पार कोपऱ्यापर्यंत गेला". आणि मग "मला सांग ना ह्याच्याबद्दल" एवढंच. बोलायला लागलं की तारीख घालून मागच्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तुमचं व्याकरण घालू नका.

ह्याचा धडा मला असा मिळाला. एकदा लेकीने अख्खा कागद काळ्या क्रेयॉनने भरून काढला, कोपरान् कोपरा, वीसेक मिनिटं लागली, क्रेयॉन संपला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळा कागद घाण केलास की." माझ्याही तोंडावर "दुसरा रंग घे ना" आलंच होतं, कसंबसं गिळलं आणि म्हटलं, सांग ना ह्याच्याबद्दल. तर म्हणे, "ही गाडी आहे. आपण पुण्याला जाताना बोगद्यात गेलो ना, ती. आपण आत आहोत म्हणून दिसत नाही." ठाण्याहून गाडी सुटली की पारसिकचा बोगदा लागतो, 1916 चा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब, आणि डब्यातले दिवे बंद होते त्या दिवशी. ती तिच्या जागी शंभर टक्के बरोबर होती, आणि मी त्यात पिवळा सूर्य काढायला लावणार होते. तो कागद आता फ्रीजवर लावलाय, सासूबाईच पाहुण्यांना सांगतात की हा बोगदा.

हात पण आवरा. "थांब, मी तुला मांजर काढून दाखवते" केलंत की पोराला तुमची मांजर दिसते, त्याची नाही दिसत, आणि दुसऱ्या दिवसापासून "आई, तूच काढून दे" सुरू. मागितलंच तर म्हणा, मांजरीला काय काय असतं सांग. मिश्या. मग काढ मिश्या.

चौथी पायरी: घराबाहेर बघायचं

कला म्हटलं की लगेच म्युझियम नको, आधी रस्ता. ट्रकच्या मागची कमळं आणि गरुड, रिक्षाच्या आतली सजावट, नवी मुंबईत उड्डाणपुलाखाली आणि कंपाउंडच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, गुढीपाडव्याला ठाण्यातल्या स्वागतयात्रेच्या निमित्ताने काढलेल्या भल्यामोठ्या रांगोळ्या. आमचा एक खेळ आहे, घरातून स्टेशनपर्यंत एकच रंग शोधायचा. आज लाल. तुम्हाला वाटतं पाचदहा सापडतील, पोरं चाळीस काढतात, त्यात तुमच्या डोळ्यातली शीरसुद्धा.

आणि फ्लेमिंगो! थंडीपासून मेपर्यंत खाडीत, नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येतात, आपल्या दारात येतात आणि आपण रीलमध्ये बघतो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, ऐरोलीला खाडीतल्या जीवांची माहिती देणारं वेगळं केंद्रही आहे. पोरांना नीट बघायला सांगा की सगळे गुलाबी नसतात, काही करडे मळकट असतात, ती पिल्लं. शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खाऊन खाऊन पुढे ती गुलाबी होतात. हे ऐकल्यावर आमच्याकडे प्रश्न आला, "मग मी भेंडी खाल्ली तर हिरवी होईन?" आणि घरी आल्यावर सगळ्या नातेवाइकांची चित्रं झाली, जो जे खातो त्या रंगाचा. बाबा चहाच्या रंगाचे. मामा पूर्ण केशरी, कारण फक्त फरसाण.

पाचवी पायरी: वारली, पण कपावर छापलेली नाही

ही कला आपल्या अगदी शेजारची. पालघर वेगळा जिल्हा 2014 मध्ये झाला, तोवर तिथली वारल्यांची गावं ठाणे जिल्ह्यातच होती. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची टोक चावून मऊ केलेली काडी. लग्नात बायका भिंतीवर देवचौक, म्हणजे देवाचा चौकोन, लिहायच्या, काढायच्या नाही हं, लिहायच्या म्हणतात. नंतर जिव्या सोमा म्हसे ह्यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. मोबाईलवर का होईना पण त्यांची चित्रं मोठी करून पोरांना दाखवा, मासेमारीचं जाळं आणि तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याभोवतीचा नाच तर नक्कीच.

आता नीट बघा, माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर गोल. चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. तरी कोण दमलंय, कोण नाचतंय, कोण ओझं घेऊन चाललंय ते कळतं, वरचा त्रिकोण किती कलला त्यावरून. हाच खेळ करायचा. पोराला म्हणा, दमून घरी आलेले बाबा करून दाखव. ते खांदे पाडून उभं राहतं. मग त्याने तेच कागदावर त्रिकोण वाकवून काढायचं. खाकी कागद, पांढरा पोस्टर कलर, काडी म्हणून इअरबड. साडेचार-पाच वर्षांच्या पुढे हे छान जमतं, त्याआधी नुसते ठिपके देऊ द्या, ठिपक्यांचा पाऊस होतो.

झोपायच्या आधी: चित्रांची उलटापालट

कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी नावाची परंपरा आहे, ठाकर समाजातले कलाकार कागदावरची चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या गोष्टी गाऊन सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे ह्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही ह्याची घरगुती आवृत्ती काढली. पोरांचीच जुनी पाच चित्रं घ्यायची, पत्त्यांसारखी पिसायची, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने गोष्ट सांगायची. काल बोगदा पहिला होता तेव्हा गोष्ट गाडीची होती, आज बोगदा शेवटी आला तर हत्ती त्यात जाऊन झोपला. सुरुवातीचे दोनतीन दिवस तुम्ही सांगा, मग पोरं तुम्हाला बोलू देत नाहीत. दहा मिनिटं लागतात, रोज नाही जमलं तरी चालतं.

सहावी पायरी: म्युझियम, पण तीनच गोष्टी

पाचच्या आसपास न्यायला हरकत नाही. फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, 2019 पासून तिथे लहान मुलांचं वेगळं म्युझियम आहे, आणि शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 ची, सकाळी 11 ते संध्याकाळी 7, फुकट. ठाण्याहून थेट लोकल, आमच्यासारख्या ऐरोलीवाल्यांनी ठाण्याला बदलायचं, वाशी-नेरूळवाल्यांना हार्बर. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक बघा, नाहीतर सगळी कल्पनाशक्ती कुर्ला स्टेशनवरच संपते.

तिथे गेल्यावर पाऊण तास, बस. तीन वस्तू बघायच्या, त्याही पोराने निवडायच्या. आपण तिकिटाचे पैसे वसूल करायला सगळी दालनं पालथी घालतो आणि पोर तिसऱ्या दालनात जमिनीवर लोळण घेतं, त्यात त्याची चूक नाही. आधी खायला घाला, शू करून आणा. पाटी सांगते ते वाचून दाखवू नका, आधी दोन मिनिटं नुसतं बघू द्या, मग विचारा की ह्या चित्रात तुला जाता आलं तर कुठे उभी राहशील. जहांगीरमध्ये बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा एका मोठ्या निळ्याकरड्या चित्रापुढे लेकीने जाहीर केलं की इथे कोणीतरी पाणी सांडलंय आणि पुसलं नाहीये. मी शरमले, पण ते चित्रकार काका खुर्चीवरून उठून आले आणि तिला म्हणाले, "बरोबर ओळखलंस, पावसाने सांडलंय." परतीच्या पूर्ण प्रवासात एकच विषय, चित्र काढणारे काका खरे असतात आणि त्यांच्याकडे पाण्याची बाटली असते.

नाटकाचंही असंच. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह, सुट्टीत बालनाट्यं लागतात. लहान असेल तर कडेची सीट घ्या, अंधार झाला की घाबरून बाहेर पळता येतं. घरी आल्यावर ओढण्या आणि चादरी काढून द्या.

क्लास लावायचा का?

मी लावला होता, तीन महिने. फी भरताना बरं वाटलं. रोज एक चित्र: दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, नारळाचं झाड, आणि रंग रेघेच्या बाहेर गेला की परत. तिसऱ्या महिन्यात लेक घरी म्हणायला लागली की मला हत्ती येत नाही, टीचरने शिकवला नाहीये अजून. भिंतीवर हत्ती बघणारी पोरगी! दुसऱ्या दिवसापासून बंद. सगळे क्लास तसे नसतात, पण जायच्या आधी भिंतीवरची चित्रं बघून घ्या. वीस पोरांचे वीसच्या वीस डोंगर सारखे असतील तर नमस्कार करून बाहेर या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची काळजी आत्तापासून करणारे पालक पण मी बघितलेत, ती हायस्कूलची गोष्ट आहे, दुधाचे दात पडू द्या आधी.

मोबाईलबद्दल थोडक्यात, भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांपर्यंत नकोच आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत. आमचं प्रत्येक वेळी पाळलं जातं असं नाही, आजारी असली की सगळे नियम धाब्यावर. पण "कंटाळा आलाय" म्हणाली की लगेच काही देत नाही, पंधरा मिनिटं किरकिर होते आणि मग कुठूनतरी चपलांची आगगाडी निघते.

पसारा आणि साठा

ओली चित्रं कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावायची. बाकी सगळी ठेवायची तर टू-बीएचके पुरणार नाही, महिन्याला दोनतीन पोरांनीच निवडायची, ती फाइलमध्ये, बाकीच्यांचे फोटो. टाकायची ती पोर झोपल्यावर आणि पिशवीत तळाला, मी टाकलेलं एक चित्र एकदा लेकीला कचऱ्याच्या डब्यात सापडलं होतं, त्यावर दोन दिवस अबोला होता.

ह्या वर्षी ओल परत आलीये, ह्या वेळी खिडकीच्या वर. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना तक्रारीसाठी फोटो काढून पाठवला, पाठवल्यावर मोठा करून बघितला तर डागाच्या मधोमध खडूने एक डोळा काढलेला होता, पापण्यांसकट.